आंबील, दही आणि वाढलेली साखर : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून वय, घरची माणसं आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. इथे त्यांना नुसतं काकू म्हणू.

काकूंचं वय ५८. नऊ वर्षांपासून टाइप २ मधुमेह, पाच वर्षांपासून रक्तदाब. गोळ्या तीन : साखरेसाठी मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम सकाळी नाश्त्याआधी आणि रक्तदाबाची एक. जूनमध्ये तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ७.३ टक्के आली होती. बहुतेक प्रौढ मधुमेहींसाठी ७ च्या खाली हे उद्दिष्ट धरतात, म्हणजे काकू त्याच्या अगदी जवळ होत्या. डॉक्टर समाधानी होते, काकू नव्हत्या. त्यांची तक्रार साखरेची नव्हतीच. पोट फुगतं, गॅस धरतो, संध्याकाळच्या जेवणानंतर दोनदा सैल शौचाला जावं लागतं, हे त्या प्रत्येक भेटीत सांगत आल्या होत्या.

मी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांबरोबर आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. पोटाच्या या तक्रारीकडे सगळ्यांनी 'मधुमेहात चालायचंच' म्हणून पाहिलं, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

काय बदललं

जुलैमध्ये भाच्याने काकूंना फोनवर एक लांबलचक संदेश पाठवला. आतड्यातले चांगले जंतू वाढले की मधुमेह मुळापासून जातो, आंबवलेले पदार्थ हाच खरा उपाय, आणि गोळ्या हे जंतू मारतात, असा त्याचा मतितार्थ. काकू शिस्तीच्या. करायचं ठरलं की अर्धवट करत नाहीत.

सकाळी अनशापोटी नाचणीच्या आंबिलीचा मोठा पेला सुरू झाला. आठवड्यातून चार दिवस रात्री भाकरीऐवजी इडली किंवा डोसा. दुपारी दही. पुण्याच्या मुलीने आणून दिलेल्या कोम्बुचाच्या, म्हणजे आंबवलेल्या गोड चहाच्या बाटल्या, शिवाय दुकानात मिळणारी छोटी प्रोबायोटिक बाटली रोज एक. गाजर-बीट-मोहरीची कांजीही बरणीत घातली. आणि संध्याकाळची मेटफॉर्मिनची गोळी त्यांनी बंद केली. एवढी एकच गोष्ट घरात कुणाला सांगितली नाही.

सप्टेंबरमध्ये त्या आल्या तेव्हा चेहरा खुलला होता. "अहो मॅडम, पोट कसं हलकं झालंय बघा. नऊ वर्षांत असं वाटलं नव्हतं." आणि ते खरंच होतं. फुगारा गेला होता, रात्रीचं सैल शौच थांबलं होतं. घरच्या यंत्रावर उपाशीपोटीची साखर १२५ ते १४० च्या दरम्यान, म्हणजे जूनमध्ये होती तेवढीच दिसत होती. त्यामुळे जंतू काम करताहेत याची त्यांना खात्री पटली होती.

एचबीएवनसी ८.४ आली.

अडचण

पहिला प्रश्न होता तपासणी बरोबर आहे का हा. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खोटी चढू शकते, म्हणून डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासलं. दोन्ही ठीक होती. क्रिएटिनिनही ठीक होतं, म्हणजे मेटफॉर्मिन पूर्ण मात्रेत द्यायला मूत्रपिंडाकडून हरकत नव्हती. ८.४ हा आकडा खराच होता.

मग उपाशीपोटीची साखर तशीच आणि सरासरी चढलेली, हे कसं? काकू घरी फक्त सकाळी उठल्यावर साखर बघत. जेवणानंतर कधीच नाही. आम्ही त्यांना दवाखान्यातच आंबील प्यायला लावली नाही, पण त्या दिवशी घरून नाश्ता करून आल्या होत्या. पहिल्या घोटापासून दोन तासांनी बघितलेली साखर २६८ निघाली. सगळी चढ इथे लपलेली होती.

दुसरी अडचण जास्त नाजूक होती. काकूंना खरोखर बरं वाटत होतं. ज्या माणसाचं पोट नऊ वर्षांनी शांत झालंय, त्याला 'हे सगळं बंद करा' असं सांगितलं तर तो दवाखाना बंद करतो. शिवाय आंबील आमच्या भागात परकी गोष्ट नाही. कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेच्या यात्रेला आंबिलीचाच नैवेद्य असतो. काकूंच्या सासूबाईही उन्हाळाभर आंबील करायच्या. तिला अपायकारक ठरवणं म्हणजे घरच्या स्वयंपाकावरच बोट ठेवणं झालं असतं, आणि ते चुकीचंही ठरलं असतं.

गोळी बंद केल्याचं काकूंनी सांगितलं ते बोलण्याच्या अगदी शेवटी, आणि तेही डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं बघायला मागितल्यावर. संध्याकाळच्या पाकिटांतल्या गोळ्या शिल्लक होत्या.

संशोधन काय सांगतं, आणि काकूंना काय सांगितलं

इथे थोडं थांबायला हवं, कारण भाच्याच्या संदेशातलं सगळंच खोटं नव्हतं. अर्धं खरं असलेलं खोडून काढणं हे पूर्ण खोटं खोडण्यापेक्षा अवघड असतं.

आतड्यातले जिवाणू तंतुमय पदार्थांवर जगतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी लहान साखळीची मेदाम्लं तयार करतात. ही आम्लं आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींना जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडायला लावतात. ते इन्शुलिन वाढवतं, पोट सावकाश रिकामं होऊ देतं आणि भूक आवरतं. म्हणजे जंतूंचा आणि साखरेचा संबंध आहेच.

माणसांवरचे प्रयोगही झाले आहेत. इराणमध्ये टाइप २ मधुमेहाच्या साठ-एक रुग्णांना सहा आठवडे रोज ३०० ग्रॅम दही दिलं : अर्ध्यांना लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस या जिवाणूंच्या ठरावीक जाती घातलेलं, अर्ध्यांना साधं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पहिल्या गटाची उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी कमी झाली. पण एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगते, आणि प्रयोग सहा आठवड्यांचा होता. स्वीडनमध्ये इन्शुलिन घेणाऱ्या ४६ जणांना लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी बारा आठवडे दिला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, आणि एचबीएवनसीत फरक पडला नाही. स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली ३६ निरोगी प्रौढांवर झालेल्या अभ्यासात, आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातली जिवाणूंची विविधता वाढली आणि दाह दाखवणारे रक्तातले काही घटक उतरले. हे उत्साह वाढवणारं आहे, पण ती माणसं मधुमेही नव्हती. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दह्याच्या डब्यावर 'आठवड्याला किमान दोन कप दही खाल्ल्याने टाइप २ मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो' अशा अर्थाचा मजकूर छापायला परवानगी दिली, मात्र पुरावा मर्यादित आहे हे त्यासोबतच लिहायची अट घातली. आणि तो दावा मधुमेह होण्याच्या धोक्याबद्दल आहे, झालेला मधुमेह जाण्याबद्दल नाही.

काकूंच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा वेगळाच होता. आंबवलेला पदार्थ आणि प्रोबायोटिक या दोन गोष्टी एक नाहीत. २००१ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी केलेली व्याख्या आजही चालते : जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात, आणि ज्यांचा फायदा सिद्ध झाला आहे असे. इडलीचं पीठ ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाचा जिवाणू आणि त्याच्या सोबतचे जिवाणू फुगवतात, पण इडलीपात्रातल्या वाफेत ते मरतात. आंबिलीचंही तसंच. पीठ रात्रभर ताकात भिजतं, सकाळी उकळत्या पाण्यात शिजतं. जिवंत राहतात ते शेवटी वरून घातलेल्या ताकातले. आणि घरच्या विरजणात नेमक्या कोणत्या जाती आहेत हे कुणीच सांगू शकत नाही, दर घराचं विरजण वेगळं.

याचा अर्थ इडली किंवा आंबील वाईट असा होत नाही. आंबवल्याने ती पचायला हलकी होते, काही खनिजं शरीराला जास्त मिळतात, आंबटपणामुळे स्टार्चचं पचनही थोडं मंदावू शकतं. पण रात्रभराच्या आंबवण्यात जिवाणू पिठातली थोडीशीच साखर संपवतात. स्टार्च जवळजवळ सगळा उरतो. ५० ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण ३३ ग्रॅम कर्बोदकं असतात. काकू त्यात गुळाचा मोठा खडा घालत होत्या, म्हणजे आणखी पंधरा-अठरा ग्रॅम. हे सगळं पातळ, शिजलेलं, रिकाम्या पोटी, घटाघटा. भाकरी चावून खायला जेवढा वेळ लागतो तेवढाही नाही.

मेटफॉर्मिनबद्दल संदेशात लिहिलं होतं ते तर उलटंच होतं. २०१५ आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांतून दिसलं की मेटफॉर्मिन आतड्यातल्या जिवाणूंची मांडणी बदलते. २०१७ च्या अभ्यासात मेटफॉर्मिन घेतलेल्या माणसांची विष्ठा जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात सोडली, तेव्हा उंदरांना साखर जास्त चांगली पेलता आली. जो जंतूंचा फायदा काकू शोधत होत्या, त्यातला काही भाग ज्या गोळीतून मिळत होता तीच त्यांनी थांबवली होती. हे ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पण मग माझं पोट का बरं झालं?"

हा प्रश्न या प्रकरणातला सगळ्यात चांगला प्रश्न होता. साधी मेटफॉर्मिन मोठ्या मात्रेत घेतली की फुगारा, गॅस, सैल शौच हे अगदी नेहमीचे त्रास. काकूंचा त्रास संध्याकाळच्या जेवणानंतर असायचा, आणि थांबवलेली गोळीही संध्याकाळचीच. आंबील आणि गोळी या दोन्हींत एकदम बदल झाल्यामुळे श्रेय आंबिलीला गेलं.

समोर असलेले पर्याय

डॉक्टरांसमोर सरळ मार्ग होता : मेटफॉर्मिन पूर्ववत, वर आणखी एक गोळी, आंबवलेलं सगळं बंद. आकडा लवकर खाली आला असता. पण काकूंचं पोट परत बिघडलं असतं आणि गोळी परत गुपचूप बंद झाली असती.

दुसरा पर्याय काकूंनी सुचवला. आणखी तीन महिने द्या, जंतूंना वेळ लागतो. जेवणानंतर २६८ साखर असताना हे मान्य करणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी ते स्पष्ट शब्दांत, पण आवाज न चढवता सांगितलं.

मुलीने फोनवर तिसरा विचारला : एखादी चांगल्या कंपनीची प्रोबायोटिक कॅप्सूल चालेल का? नुकसान फारसं नव्हतं. पण कोणती जात, किती प्रमाणात, किती दिवस, आणि काकूंसारख्या रुग्णांत तिने एचबीएवनसी किती उतरवली, याचं खात्रीचं उत्तर देता येईल असं एकही उत्पादन मला सुचवता आलं नाही. महिन्याला खर्च मात्र गोळ्यांपेक्षा जास्त झाला असता.

आम्ही निवडला तो मार्ग थोडा सावकाशीचा होता. गोळी लगेच सुरू करायची, पण पोटाला सोसेल अशा रूपात. नवी गोळी तूर्त वाढवायची नाही. आणि आंबवलेल्या पदार्थांचा एकगठ्ठा निकाल न लावता प्रत्येकाची साखर स्वतः काकूंनीच मोजून बघायची.

केलेली कृती

संध्याकाळची मेटफॉर्मिन सावकाश विरघळणाऱ्या प्रकारात दिली. आधी ५०० मिलिग्रॅम, जेवणाच्या मध्यावर; दोन आठवड्यांनी १०००. सकाळचीही त्याच प्रकारात बदलली. कोम्बुचा आणि छोटी बाटली काकूंनी स्वतःहून सोडली, बाटलीवरचा तक्ता एकत्र वाचल्यावर. ६५ मिलिलिटरच्या त्या बाटलीत १० ग्रॅमच्या आसपास साखर होती, म्हणजे दोन चमचे. कांजीत मीठ भरपूर होतं, आणि रक्तदाब १४८/८८. तीही थांबली.

मग मोजणी. नियम साधे होते : जेवणाआधी एकदा, पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, एका वेळी एकच पदार्थ तपासायचा, आणि तोच पदार्थ दुसऱ्या दिवशी पुन्हा. काकूंनी शाळेच्या जुन्या वहीत रकाने आखले. खरं सांगायचं तर अशी नीटस नोंद मी फार कमी रुग्णांकडून पाहिली आहे.

गूळ घातलेल्या आंबिलीच्या पेल्याने साखर १३२ वरून २५८ वर नेली, दुसऱ्या वेळी १३८ वरून २५१ वर. चार इडल्या आणि खोबऱ्याची चटणी : १२९ वरून २३१. दोन इडल्या आणि वाटीभर भाज्या घातलेलं दाट सांबार : १३४ वरून १८९. नुसतं पेलाभर ताक : १२८ वरून १३५. दीड ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि वाटीभर दही : १२६ वरून १७१. तेच जेवण दह्याशिवाय : १३० वरून १७८.

शेवटच्या दोन ओळींवर काकूंचा जीव अडकला. दही घेतलं तर चढ ४५, न घेतलं तर ४८. "बघा, दह्याने तीनने कमी झाली." मला ते तसं मान्य करता आलं नाही. घरच्या यंत्रांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानकच शंभरच्या वरच्या आकड्याला १५ टक्के इकडे-तिकडे चालवून घेतं. १७० च्या आकड्यात पंचवीसपर्यंतची चूक बसते, तिथे तीनला काहीच अर्थ नाही. आंबिलीची एकशेवीसच्या आसपासची चढ मात्र यंत्राच्या चुकीत बसत नाही, आणि ती दोनदा तशीच आली. मोजणीचा फायदा हाच : कोणत्या फरकावर विश्वास ठेवायचा हेही कळतं.

यावरून आहार ठरला. आंबील राहिली, पण ज्वारीच्या २० ग्रॅम पिठाची, पातळ, बिनगुळाची, वरून ताक आणि जिरेपूड घालून, छोट्या वाटीत. आणि तिच्या सोबत मोड आलेल्या मुगाची उसळ किंवा एक अंडं. ती आता पेय न राहता नाश्त्याचा एक भाग झाली. इडली आठवड्यातून एकदा, दोनच, सांबार जास्त. रात्री पुन्हा भाकरी. दही दुपारच्या जेवणात रोज. मोड आलेली कडधान्यं आणि पालेभाजी वाढवली, कारण आतड्यातल्या जिवाणूंना खायला मिळायला हवं असेल तर ते इथून मिळतं. संदेशात याबद्दल एक अक्षर नव्हतं. दोन्ही जेवणांनंतर अंगणात पंधरा मिनिटं फेऱ्या.

मध्येच आलेली घसरण

नवीन आहार सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले होते. सकाळी साडेअकराला सुनेचा फोन आला : आईंना दरदरून घाम आलाय, हात थरथरताहेत. यंत्रावर ६१.

मोजणीतून काकूंनी एक निष्कर्ष स्वतःच काढला होता. दही-ताकाने साखर वाढत नाही, तर मग नाश्त्याला नुसतं दहीच खावं. सलग तीन दिवस त्यांनी तसं केलं, आणि ग्लिमेपिराइड मात्र ठरल्याप्रमाणे घेतली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग समोर जेवण असो वा नसो. जोवर सकाळी पन्नास ग्रॅम कर्बोदकं पोटात जात होती, तोवर ती २ मिलिग्रॅम खपून जात होती.

सुनेने फोनवर सांगितल्याप्रमाणे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं : ८४. मग अर्धी भाकरी दिली. डॉक्टरांनी त्याच दिवशी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमवर आणली, आणि महिन्याभराच्या नोंदी पाहून पूर्ण बंद केली.

या घटनेनंतर घरातलं वातावरण बदललं. मुलगा आणि सून आतापर्यंत हे काकूंचं खूळ म्हणून बाजूला होते. आता गोळ्यांची पाकिटं सून बघू लागली, आणि फ्रिजवर '७० च्या खाली काय करायचं' याचा कागद लागला.

परिणाम

डिसेंबरमध्ये एचबीएवनसी ७.२ आली, मार्चमध्ये ७.०. नाश्त्यानंतरची साखर बहुतेक दिवस १८० च्या आत. वजन दोन किलोंनी कमी. रक्तदाब १३४/८०. पोटाचा त्रास अधूनमधून होतो, पण पूर्वीच्या मानाने फारच कमी, मेटफॉर्मिनची मात्रा तेवढीच असूनही. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ कमी होऊ शकतं, म्हणून तेही तपासलं. ते कमी निघालं आणि त्याची गोळी सुरू झाली.

या उतरलेल्या आकड्यात कुणाचा वाटा किती? माझ्या मते सगळ्यात मोठा वाटा परत सुरू झालेल्या मेटफॉर्मिनचा आणि नाश्त्यातून गेलेल्या गूळ-पिठाचा आहे. जेवणानंतरच्या फेऱ्यांचा आणि कडधान्यांचा काही. दह्यातल्या जंतूंचा वाटा असेलही. या प्रकरणातून तो वेगळा काढता येत नाही, आणि तसा दावा कुणी केला तर मी तो मानणार नाही.

निर्णयाच्या जागा

गोळ्यांची पाकिटं प्रत्यक्ष बघणं ही पहिली जागा. ८.४ आकडा पाहून लगेच नवी गोळी लिहिली असती तर मेटफॉर्मिन अर्ध्यावर आल्याचं कळलंच नसतं, आणि काकू संध्याकाळची मेटफॉर्मिन सोडून नवी गोळी घेत राहिल्या असत्या.

नवी गोळी तीन महिने लांबणीवर टाकण्याबद्दल दुमत होऊ शकतं. जेवणानंतर २६८ असताना काही डॉक्टर थांबणार नाहीत, आणि त्यांचं म्हणणंही चुकीचं नाही. इथे थांबता आलं, कारण वाढीची दोन स्पष्ट कारणं हाती होती, काकू रोज मोजत होत्या आणि दर आठवड्याला फोनवर नोंदी येत होत्या. यातलं एक जरी नसतं तरी थांबू नये असं मी म्हणेन.

आंबील ठेवण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो. ती बंद करून काकूंचा विश्वास गमावला असता, आणि ज्वारीच्या पातळ आंबिलीने काही बिघडवलेलंही नाही.

काय वेगळं करता आलं असतं

ग्लिमेपिराइड पहिल्याच भेटीत १ मिलिग्रॅमवर आणण्याचा विचार डॉक्टरांनी केला होता. ८.४ पाहून ती तशीच ठेवली, आणि त्याला कारणही होतं. पण नाश्त्यातली कर्बोदकं निम्म्याहून जास्त कमी करायची असं ठरलं त्या दिवशी ती कमी करणं जास्त सुरक्षित ठरलं असतं. ग्लिमेपिराइड ज्यात येते त्या सल्फोनिलयुरिया गटातली गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याचा आहार बदलताना मात्रा आणि ताट एकाच बैठकीत ठरायला हवीत. आता आमच्याकडे आहाराचा कागद डॉक्टरांच्या सहीशिवाय रुग्णाच्या हाती जात नाही.

मोजणीच्या सूचनांमध्ये 'काय वाढवतं' एवढंच लिहिलं होतं. 'जे वाढवत नाही ते म्हणजे जेवण नव्हे' हेही त्यात असतं तर नुसत्या दह्याचा नाश्ता कदाचित झाला नसता.

आणि सगळ्यात आधीची गोष्ट : जूनमध्ये, एचबीएवनसी ७.३ असताना, पोट फुगतं या तक्रारीवर मेटफॉर्मिनचा प्रकार बदलून बघायला पाच मिनिटं लागली असती. काकू संदेशाच्या मागे गेल्या ते साखरेसाठी नाही, पोटासाठी. पोटाला उत्तर मिळालं असतं तर संध्याकाळची गोळी बंद करायचं कारणच उरलं नसतं.

पुढे

काकूंचा दह्यावरचा विश्वास कायम आहे आणि तो मोडायचं मला काही कारण दिसत नाही. मार्चच्या भेटीत त्यांनी विचारलं की दोन वाट्या दही केलं तर आणखी उतरेल का. यावेळी आम्ही क्रम नीट लावला आहे. जूनच्या तपासणीपर्यंत गोळ्या त्याच, भाकरीचं माप तेच, फेऱ्या त्याच. बदल एकच, दुपारी आणि रात्री मिळून दोन वाट्या साधं, बिनसाखरेचं, कमी सायीच्या दुधाचं दही. एचबीएवनसीत ०.३ च्या आतला फरक आला तर तो प्रयोगशाळेचा आणि रोजच्या चढउताराचाही असू शकतो, त्याचं श्रेय दह्याला द्यायचं नाही, हे आधीच लिहून ठेवलं आहे. काकूंनी ते स्वतःच्या हाताने वहीच्या नव्या पानावर लिहिलं आणि खाली तारीख घातली.